७६ चौरस फुटांचे स्वयंपाकघर: नूतनीकरणाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

आज स्वयंपाकघराचे मोजमाप घेतले. पुण्यातील आमची इमारत १९८६ सालची असून घर तिसऱ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघर दक्षिणोत्तर ९ फूट ६ इंच आणि पूर्व-पश्चिम ८ फूट, म्हणजे ७६ चौरस फूट किंवा सुमारे ७ चौरस मीटर भरते. जेवणाची जागा वेगळी असलेल्या घरात स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचे आणि १.८ मीटर रुंदीचे असावे, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. त्या हिशेबाने जागा पुरेशी आहे. तरीही गेली अनेक वर्षे आम्ही तिघीजणी तेथे एकमेकींना धडकत आहोत, याचे कारण मांडणीत शोधावे लागेल.

सध्याची स्थिती अशी आहे. दक्षिणेच्या भिंतीला ६ फुटांचा सरळ ओटा, त्याची उंची ३० इंच. त्यावर शेगडी आणि मिक्सर ठेवल्यावर जेमतेम दीड फूट मोकळी जागा उरते, त्यामुळे पोळ्या पश्चिमेच्या भिंतीलगतच्या घडीच्या टेबलावर लाटाव्या लागतात. ईशान्येच्या कोपऱ्यात ३ फूट बाय ३ फुटांची मोरी आहे. पूर्वेला ४ फुटी खिडकी, उत्तरेला ड्राय बाल्कनीचे दार आणि पश्चिमेला दिवाणखान्याचे दार आहे.

ओळंबा लावून पाहिले, तर पूर्वेची भिंत वरपासून खालपर्यंत पाऊण इंच कलती निघाली. आग्नेयेचा कोपरा काटकोनात नाही. एका भिंतीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट मोजून खुणा केल्या, तेव्हा कर्ण ५ फुटांऐवजी ५ फूट १ इंच आला. ही नोंद ठळक अक्षरांत करून ठेवते, कारण दगड कारखान्यातून काटकोनात कापून येईल आणि भिंत मात्र आहे तशीच राहील.

११ जानेवारी

एका मॉड्युलर किचनच्या दुकानातून संगणकावर काढलेला आराखडा आला. चित्र देखणे आहे. त्यात तीन बाजूंनी ओटा, उंच कपाटात बसवलेला ओव्हन आणि शोभेच्या काचेची कपाटे आहेत. पोळपाट कोठे ठेवायचा, असे सासूबाईंनी विचारले, तेव्हा 'कुठेही ठेवता येईल' असे उत्तर मिळाले. ज्या घरात रोज २० ते २५ पोळ्या होतात, तेथे हे उत्तर पुरेसे नाही. आराखडा बाजूला ठेवला आणि आधी आठवडाभर आमचेच काम नीट पाहायचे ठरवले.

२२ जानेवारी

संक्रांत होऊन तिळगुळाची गडबड संपल्यावर, १६ तारखेपासून आजपर्यंत सात दिवस मोजणी केली. फ्रिजवर एक कागद चिकटवला होता आणि सकाळी पावणेसहा ते नऊ या वेळेत मुलगी त्यावर रेघा ओढत होती. आजचा कागद समोर आहे. मोरी आणि ओटा यांच्यामध्ये ३८ फेऱ्या झाल्या, डब्यांच्या फळीपासून ओट्यापर्यंत ३१, आणि २२ पोळ्यांपैकी प्रत्येक पोळीसाठी टेबलापासून तव्यापर्यंत ५ फूट जाणे आणि ५ फूट येणे घडले. म्हणजे केवळ पोळ्यांपायी सासूबाई २२० फूट चालल्या, आणि त्यातील निम्मे अंतर हातावर लाटलेली पोळी सांभाळत. त्या ७४ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात.

फ्रिज १४ वेळा उघडला गेला, पण त्यापैकी नऊ वेळा तो स्वयंपाक न करणाऱ्यांनी उघडला होता: कोणाला पाणी हवे होते, कोणाला दूध, कोणाला डब्यासाठी लोणचे.

या मोजणीने माझा एक समज बदलला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९४० च्या दशकात मांडला गेलेला 'कामाचा त्रिकोण' आजही सगळीकडे सांगितला जातो: शेगडी, सिंक आणि फ्रिज हे तीन बिंदू, प्रत्येक बाजू साधारण ४ ते ९ फुटांची आणि तिन्हींची बेरीज २६ फुटांच्या आत. ज्या घरात बहुतेक जिन्नस फ्रिजमधून निघतात त्या घरासाठी तो योग्य असेल. आमच्या घरात मात्र सकाळचे काम चार ठिकाणी चालते: पाणी, विस्तव, पोळपाट आणि डबे. फ्रिज पाचवा आहे, आणि त्याला दाराजवळ ठेवले तर दूध-पाण्यासाठी येणारी माणसे तव्यापर्यंत येणारच नाहीत.

२५ जानेवारी

आज उंचीचा विचार केला, आणि सर्वांत जास्त वेळ यातच गेला. सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे, जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करावेत, म्हणजे चिरण्या-कापण्यासाठी सोयीची उंची मिळते, असा साधा हिशेब आहे. माझे कोपर ४० इंचांवर येते, सासूबाईंचे ३६ वर. माझ्यासाठी ३४ इंचांचा ओटा योग्य ठरेल, पण तो त्यांच्या खांद्यांना जड जाईल. त्यांच्या ३० इंचांच्या ओट्यावर भाजी चिरून माझी पाठ आताच दुखते.

शिवाय सर्व कामांना एकच उंची चालत नाही, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. पोळी लाटताना वरून जोर द्यावा लागतो, म्हणून पोळपाट खाली हवा. शेगडी स्वतःच साडेचार इंच उंच असते आणि तिच्यावर ९ इंचांचे पातेले चढले की ओटा ३४ इंचांचा असल्यास पातेल्याची कड साडेसत्तेचाळीस इंचांवर जाते. सासूबाईंना आतले वरण दिसणारसुद्धा नाही. उलट सिंकचा तळ कडेपासून ९ इंच खाली असतो, म्हणून सिंक वर हवे.

यावरून तीन उंची ठरवल्या. सिंक आणि चिरण्याची जागा साडेतेहेतीस इंच, शेगडी आणि पोळपाट ३० इंच, आणि बसून काम करण्यासाठी २७ इंच. ही तिसरी जागा सासूबाईंसाठी आहे. त्यांचे सारे निवडणे, सोलणे, खोवणे आयुष्यभर जमिनीवर विळी घेऊन झाले. आता खाली बसता येत नाही आणि उभे राहून ते काम करण्याची त्यांना सवय नाही. त्या म्हणाल्या, "मला बसायला जागा दे, बाकी तुझ्या मनाप्रमाणे कर." मी त्यांना म्हटले, "आई, आधी तुमचीच जागा ठरवू, मग बाकीचे."

२८ जानेवारी

माझ्या मांडणीचा पहिला पक्का आराखडा आलेख कागदावर काढला. पूर्वेच्या पूर्ण भिंतीला ओटा येईल आणि तो आग्नेय कोपऱ्यातून दक्षिणेकडे वळेल. उत्तरेकडून मोजत गेल्यास पहिला फूट भांडी निथळण्यासाठी, १ ते ३ फुटांत खिडकीखाली सिंक, ३ ते सव्वापाच फूट चिरण्याची जागा. तेथे साडेतीन इंचांची पायरी उतरून साडेपाच ते साडेसात फुटांत शेगडी. दक्षिणेच्या भिंतीवर कोपरा सोडून साडेतीन फूट पोळपाटासाठी आणि त्यापुढे नैर्ऋत्य कोपऱ्यापर्यंत अडीच फूट बसण्याची जागा. फ्रिज पश्चिमेला, दिवाणखान्याच्या दारालगत.

पोळपाटापाशी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की शेगडी डाव्या हाताला, अर्धे वळले की येते. पाऊल उचलावे लागत नाही. शेगडीपाशी उभे राहिल्यास तोंड पूर्वेला होते आणि विस्तव आग्नेयेकडच्या बाजूला येतो, ही सासूबाईंची इच्छाही त्यात पूर्ण झाली. मला ती पाळण्यात कोणतीच अडचण दिसली नाही.

शेगडी खिडकीच्या अगदी समोर ठेवली नाही, कारण वाऱ्याने ज्योत फडफडते आणि मंद आच विझूही शकते. खिडकी ५ फुटांवर संपते आणि शेगडी तेथून सहाच इंचांवर सुरू होते, म्हणून खिडकीचा शेगडीकडचा अर्धा भाग पक्क्या काचेचा करून फक्त सिंकवरचा भाग उघडता ठेवणार आहे.

फ्रँकफुर्टमधील घरबांधणीसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ साली आखलेल्या स्वयंपाकघराचे नकाशे आज पुन्हा पाहिले. ते जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटरचे होते, म्हणजे आमच्याहूनही लहान. रेल्वेच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघराचा तिने अभ्यास केला होता, हालचाली मोजल्या होत्या, आणि तरीही खिडकीजवळ काम करण्यासाठी फिरते स्टूल ठेवायला ती विसरली नाही. धान्य-साखरेसाठी भिंतीतून ओढून घ्यायचे, नावे कोरलेले अॅल्युमिनियमचे लहान खण त्यात होते. बसून काम करणे म्हणजे आळस, असे मानणाऱ्या प्रत्येकाला हे चित्र दाखवावेसे वाटते.

२ फेब्रुवारी

खडूने जमिनीवर आराखडा काढला आणि किराणा दुकानातून आणलेली खोकी एकावर एक रचून ओट्याची उंची तयार केली. सासूबाईंनी खोक्यांवर पोळपाट ठेवून लाटण्याची कृती करून पाहिली. दोन दोष निघाले. फ्रिज माझ्या मूळ रेघेवर ठेवला, तर त्यापुढे बसण्याच्या खुर्चीसाठी केवळ १६ इंच उरत होते. तो दाराकडे ६ इंच सरकवल्यावर २२ इंच मिळाले आणि खुर्ची सहज आत-बाहेर होऊ लागली. दुसरे असे, की पोळपाटाखालची ट्रॉली २० इंच बाहेर आली की लाटणाऱ्या व्यक्तीला मागे सरावे लागते. म्हणून कणकेचा डबा सर्वांत वरच्या ट्रॉलीत, आणि तो सुरुवातीलाच काढून घ्यायचा, असे ठरले. तांदूळ-डाळी त्याखाली राहतील.

डब्यांची विभागणीही येथेच झाली. रोज लागणारे सारे पोळपाट आणि शेगडी यांच्या हाताशी. महिन्याची साठवण उत्तरेच्या भिंतीवरील १२ इंच खोलीच्या कपाटात. कपाट मुद्दाम उथळ ठेवले आहे, कारण खोल फळीवर मागच्या रांगेतला डबा दिसत नाही आणि त्यातल्या रव्याला अळ्या पडेपर्यंत तो आठवतही नाही.

५ फेब्रुवारी

भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचारल्याशिवाय ड्राय बाल्कनीतील सिंकची उंची ठरवणे मला योग्य वाटले नाही. त्यांची उंची ४ फूट १० इंच आहे. त्या म्हणाल्या, "ताई, सगळीकडे सिंक उंच असतंय, कोपरापर्यंत पाणी ओघळतं अन् दंड भरून येतात." त्यांचे कोपर मोजले आणि तेथील सिंकची कड ३० इंचांवर नक्की केली. घासण्याचे काम मोरीतून उठून तिकडे जाणार असल्याने पायाखाली निसरडी नसलेली फरशी आणि डोक्यावर दिवा या दोन गोष्टीही यादीत घातल्या.

१२ फेब्रुवारी

सोसायटीची लेखी परवानगी मिळाली. बीम, कॉलम यांना हात लावायचा नाही, राडारोडा जिन्यात ठेवायचा नाही आणि दुपारी दोन ते चार तोडकाम करायचे नाही, अशा अटी आहेत. त्या रास्त आहेत.

१५ फेब्रुवारी

तोडकाम सुरू झाले. मोरी फोडल्यावर खालचा विटांचा कोबा पूर्ण ओला निघाला. खालच्या मजल्यावरील काकूंच्या छतावर डाग का पडत होता, ते आज उलगडले. त्या गेली दोन वर्षे सांगत होत्या आणि आम्ही वरवर सिमेंट भरून वेळ मारून नेत होतो, याचे वाईट वाटले. सारा ओला कोबा काढायला लावला.

१७ फेब्रुवारी

प्लंबरशी सिंकच्या जागेबद्दल सविस्तर बोलणे झाले. पाणी आणणारा नळ कोठेही वळवता येतो, कारण त्यात दाब असतो. सांडपाणी मात्र केवळ उतारावर वाहते. ४० इंचांना १ इंच एवढा उतार धरला, तर नव्या सिंकपासून ईशान्येच्या शाफ्टपर्यंतच्या ३० इंचांना पाऊण इंच पुरतो. हेच सिंक कोणी दक्षिणेच्या भिंतीवर नेले असते, तर ९-१० फुटांसाठी सुमारे ३ इंच उतार लागला असता. त्यासाठी जमीन उचलावी लागली असती किंवा उतार कमी ठेवून नळी तुंबू द्यावी लागली असती. स्वयंपाकघर आखताना पहिला खिळा सांडपाण्याच्या तोंडाशी ठोकावा आणि बाकी सारे त्याच्या भोवती मांडावे, असे माझे मत पक्के झाले आहे.

२० फेब्रुवारी

जुन्या मोरीच्या जागी वॉटरप्रूफिंग करून पाणी भरून ठेवले होते. ४८ तास झाले. खालच्या काकूंकडे जाऊन छत पाहिले, हात लावून पाहिले, कोरडे आहे.

२२ फेब्रुवारी

विजेचे काम. भिंत फोडल्यावर जुन्या तारा अॅल्युमिनियमच्या निघाल्या आणि तीन पिनांच्या दोन बोर्डांना अर्थिंग जोडलेलेच नव्हते. सर्व तारा तांब्याच्या घालत आहोत. २००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपियर ओढतो आणि तेवढाच इंडक्शनचा भार असतो; दोन्ही एकाच तारेवर चालले तर ती तापणार, म्हणून त्यांना स्वतंत्र सर्किट आणि ४ चौरस मिलिमीटरची तार दिली. वीज गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला. ओल्या हातांनी बटणे दाबली जाणारी घरातली हीच जागा आहे, तेव्हा यात काटकसर करणे चूक ठरेल.

मिक्सरचे बटण चिरण्याच्या जागेवर, ओट्यापासून ९ इंच वर घेतले. सिंकच्या मागच्या भिंतीवर एकही बटण नाही.

दिव्यांचा प्रश्नही आजच सोडवावा लागला. छताच्या मध्यावर एकच ट्यूब असली की ओट्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्याची सावली नेमकी सुरीवर पडते. वरच्या कपाटांच्या तळाशी पुढच्या कडेला एलईडी पट्टी आणि बसण्याच्या जागेवर वेगळा दिवा, कारण ती खिडकीपासून सर्वांत दूर आहे.

१ मार्च

आज एक चूक वेळीच सापडली. गवंड्याने ओट्याच्या उंचीच्या खुणा भिंतीवर केल्या होत्या, त्या मी टेपने पुन्हा मोजल्या: साडेतेहेतीस, ३०, २७, सर्व बरोबर. पण ही मापे जुन्या मोझॅक फरशीपासून घेतलेली होती. नवी फरशी तिच्यावर मसाला टाकून बसणार असल्याने जमीन दीड इंच वर येणार, आणि प्रत्येक ओटा तेवढाच बुटका होणार होता. पोळपाटाची जागा साडेअठ्ठावीस इंचांवर गेली असती. पाण्याच्या लेव्हलने तयार फरशीची रेघ चारही भिंतींवर मारून घेतली आणि तिच्यापासून नव्या खुणा केल्या. गवंडी अनुभवी आहेत. त्यांनी लगेच मान्य केले आणि जुन्या खुणा स्वतः खोडून टाकल्या.

६ मार्च

ओट्याचे दगड आले. काळा ग्रॅनाइट, १८ मिलिमीटर. पांढऱ्या कृत्रिम क्वार्ट्झचा आग्रह मुलीने धरला होता आणि तो दिसायला सुंदरच आहे. परंतु त्यात राळ असते, शेगडीवरून उचललेली कढई थेट ठेवली तर डाग पडतो आणि हळदीचाही भरवसा देता येत नाही. आमच्या ओट्यावर गरम भांडे टेकवले जाणार, हे गृहीतच धरायला हवे.

ओट्याच्या कडेखाली, कडेपासून पाऊण इंच आत, दगडात एक बारीक खाच पाडून घेतली. कडेवरून ओघळणारे पाणी त्या खाचेपाशी थेंबाथेंबाने खाली पडते आणि ट्रॉलीच्या दरवाजांपर्यंत पोहोचत नाही. खर्च किरकोळ आहे, पण दगड बसल्यानंतर हे काम नीट होत नाही.

बसण्याच्या जागेची कड मात्र जाड दिसावी म्हणून खाली दुसरी पट्टी चिकटवू दिली नाही. नारळ खोवायची, कडेला स्क्रूने अडकवायची खवणी सासूबाईंसाठी आणली आहे; तिचा जबडा एकेरी दगडावर बसतो, दुहेरी कडेवर बसत नाही. ही गोष्ट कारागिराला आधी सांगितली नसती, तर त्याने सवयीने तिन्ही कडा सारख्याच केल्या असत्या.

ओट्याखाली आधार कडप्प्याचे उभे घातले आहेत. सिंकखाली लाकूड अजिबात नाही. बाकीच्या दरवाजांसाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचे प्लायवूड घेतले, कारण ते ओलाव्यात अधिक टिकते.

९ मार्च

आग्नेय कोपऱ्यात दगडामागे १ इंचाची फट राहणार, हे ८ जानेवारीलाच कळले होते. दगड मुद्दाम थोडा मोठा मागवून जागेवर तिरका कापला, त्यामुळे फट सिमेंटने भरावी लागली नाही.

१४ मार्च

गॅसची नळी हलवण्यासाठी गॅस कंपनीचेच अधिकृत कामगार यावे लागतात. अर्ज दिल्यापासून १२ दिवसांनी ते आले. नळी भिंतीत गाडायची नाही, डोळ्यांना दिसेल अशीच ठेवायची, हे त्यांनी बजावले आणि ते पटले.

सुतारांनी शेगडीखालच्या दरवाजांना तळाशी जाळी ठेवली होती. सिलिंडर असता तर ते योग्यच होते, कारण सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि खालूनच बाहेर पडला पाहिजे. नळीतून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो, तो हवेपेक्षा हलका असतो आणि वर चढतो. म्हणून कपाटाच्या वरच्या भागातही जाळी घेतली, आणि खिडकीच्या वर कायम उघडा राहणारा ६ इंचांचा झरोका ठेवला. पुढे कधी सिलिंडर वापरावा लागला, तर खालची जाळी आहेच.

१८ मार्च

चिमणी बसली. शेगडीपासून २६ ते ३० इंच उंचीवर बसवावी अशी सूचना होती. २८ इंचांवर धरून पाहिली, तर तिची कड जमिनीपासून साडेबासष्ट इंचांवर, म्हणजे नेमकी माझ्या कपाळाशी आली. ३० इंचांवर नेली. धूर नेणारी ६ इंचांची नळी मागच्याच बाह्य भिंतीतून एका वळणात बाहेर काढली आहे. लांब नळी आणि प्रत्येक वळण ओढ कमी करते, म्हणून शेगडी बाह्य भिंतीला असण्याचा हाही लाभ झाला.

२४ मार्च

आज होळी. ओटा वापरायला अजून अवकाश आहे. दिवाणखान्यातील तात्पुरत्या टेबलावर, एका इंडक्शनवर पुरण शिजवले आणि नैवेद्यापुरत्या पाच पोळ्या केल्या. या सव्वा महिन्यात आम्ही दोन पातेली, एक कढई, तवा, कुकर आणि सहा-सात लहान भांडी एवढ्यांवर भागवले. माळ्यावरच्या चार गोण्या भांड्यांपैकी तीन परत वर जाणार नाहीत. त्यामुळे माळ्याचे एक दार कमी करून तेवढा खर्च वाचवला.

२ एप्रिल

भिंतीच्या टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी भरले. शेगडीमागे पांढरे सिमेंट भरले असते, तर फोडणीचे तेल आणि हळद शोषून ते पावसाळ्याच्या आत पिवळे पडले असते. साडेतीन इंचांच्या पायरीच्या उभ्या तोंडालाही ग्रॅनाइटचीच पट्टी लावून सांधा इपॉक्सीने बंद केला. पायरीत घाण साचेल अशी भीती सर्वांनी घातली होती. फडके दोनदा फिरवून पाहिले, कोपरा स्वच्छ निघतो.

९ एप्रिल

गुढीपाडवा. सकाळी नव्या ओट्याची पूजा करून दूध उतू घातले आणि दुपारचा पूर्ण स्वयंपाक येथे केला. वरची कपाटे ओट्यापासून २० इंचांवर सुरू होतात. सासूबाईंचा हात पहिल्या दोन फळ्यांपर्यंत पोहोचतो, तिसऱ्या फळीवर आम्ही त्यांना न लागणाऱ्या वस्तू ठेवल्या आहेत.

मुलीने पुन्हा कागद लावून फेऱ्या मोजल्या. सणाचा स्वयंपाक असल्याने जानेवारीशी तुलना सरळ होत नाही, हे मान्य करूनही एक आकडा लिहून ठेवते: पुऱ्यांआधी केलेल्या १२ पोळ्यांसाठी पोळपाटापासून तव्यापर्यंत एकही फेरी झाली नाही.

२० एप्रिल

दहा दिवसांच्या वापरानंतर दोन दुरुस्त्या. मिसळणाचा डबा मी शेगडीच्या डाव्या बाजूला, चिरण्याच्या जागेखालच्या ट्रॉलीत ठेवला होता; सासूबाई तो रोज उचलून उजव्या बाजूला कोपऱ्यात ठेवतात, कारण फोडणी करताना त्यांचा उजवा हात मोकळा असतो. ट्रॉलीतील तो खण आता चमच्या-डावांना दिला आणि डबा कोपऱ्यातच राहील. कोपऱ्यातील दोन फुटांचे काय करावे, हा प्रश्न मी दोन महिने सोडवत होते. तो असा सुटला.

दुसरी दुरुस्ती खुर्चीची. बाजारातील खुर्ची १८ इंच उंच आहे, त्यामुळे त्यांचे पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत आणि गुडघ्यांमागे कड रुतते. सुतारांनी चारही पाय दीड इंच कापून दिले. आज त्यांनी सलग पाऊण तास बसून दोन नारळ खोवले आणि कैऱ्या सोलल्या. उठताना ओट्याच्या कडेचा आधार घेतला, म्हणून तेथे दगडाखाली आणखी एक कडप्प्याचा आधार घालायला उद्या गवंड्यांना बोलावले आहे.